बुचातलं तिसरं छिद्र

१

नऊ नंबरच्या खाटेवरची शिंपीण सकाळी साडेअकराला गेली. या गोष्टीला चव्वेचाळीस वर्षं झाली. त्या वॉर्डातल्या निम्म्या जणी आता या जगात नाहीत, आणि मला काल कोण भेटून गेलं ते आठवत नाही. ती सकाळ मात्र मिनिटामिनिटानं आठवते.

मरण्यासारखी ती नव्हतीच. सात वाजता मी फेरी घेत होते, तेव्हा माझ्या बाहीची शिवण बघून तिनं मला सुनावलं होतं, "सिस्टर, हा धावदोरा कुणी घातला? कापडाला दया येईल असं शिवावं माणसानं. मला घरी जाऊ द्या, नीट करून देते."

चार दिवसांच्या उलट्या-जुलाबांनी तिच्या अंगातलं पोटॅशियम उतरलं होतं. हा शरीरातला एक क्षार. कमी पडला की पायातलं बळ जातं, आणि रक्तात एकदम जास्त उतरला की हृदय थांबतं. म्हणून तो सलाइनच्या बाटलीत मिसळून थेंबाथेंबानं देतात. सरळ शिरेत कधीही नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलीला झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी तिनं हे सांगितलं असतं.

बायकांचा चोवीस खाटांचा तो वॉर्ड अकरा वर्षं माझ्या ताब्यात होता. मुली माझ्यामागे मला 'फुटपट्टी' म्हणत, आणि ते मला ठाऊक होतं. साडेदहाच्या ठोक्याला सगळ्या बाटल्या एका ओळीत टांगलेल्या दिसल्या पाहिजेत, लेबलं दाराकडे. बाटल्या काचेच्या होत्या. आदल्या वर्षी एक हातातून निसटून फुटली, एका म्हातारीचा पाय कापला गेला, आणि मी होते त्याहून कडक झाले.

शिंपीण गेली तेव्हा नळीवरचं, थेंब कमीजास्त करायचं चक्र बंद करून मी तिची बाटली नळीसकट उतरवली, वरून चिकटपट्टी लावली आणि माझ्या कपाटात कुलूपबंद केली. दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंसमोर त्या बाटलीतला नमुना प्रयोगशाळेत गेला. शेवटच्या धावपळीत घेतलेलं तिचं रक्तही गेलं होतं.

उत्तर दोन ओळींचं आलं. रक्तात पोटॅशियम बेसुमार. बाटलीत जवळजवळ नाहीच.

मग औषध तिच्या अंगात गेलं कुठून?

२

मेट्रनबाईंनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"अर्थ एकच निघतो," त्या म्हणाल्या. "पोरीनं बाटलीत घातलंच नाही. सरळ शिरेत ढकललं."

"तिनं तसं केलेलं नाही म्हणते ती."

"कोण म्हणेल केलं म्हणून? शुक्रवारी चारला समिती बसतेय. शिरेत दिलं असं ठरलं तर तिचं नाव नर्सेसच्या नोंदणीतून कायमचं जाईल, आणि कागद पोलिसांकडे. वॉर्ड तुमचा आहे. तीन दिवसांत काय सापडतं ते बघा."

पोरगी म्हणजे आमचं शेंडेफळ. वॉर्डातली सगळ्यात लहान, नोकरीला सहा महिने झालेली, आणि उंचीनं इतकी बुटकी की औषधाच्या कपाटाचा वरचा कप्पा तिच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी उघडायचा. घरी आई आणि अंथरुणाला खिळलेले वडील. मी तिला धुलाईच्या खोलीत नेलं. तिचे डोळे सुजले होते, पण ती ताठ उभी होती.

"बस."

"उभीच बरी आहे, सिस्टर."

"रुग्ण कोण, हे विचारून घेतलंस?"

"नाव विचारलं, मनगटावरची पट्टी वाचली."

"औषध?"

"पोटॅशियम. कुपीवरचं तीनदा वाचलं. कपाटातून काढताना, भरताना, आणि रिकामी कुपी ट्रेमध्ये ठेवताना."

"मात्रा?"

"एक कुपी. दहा मिलिलीटर."

"कुठून दिलंस?"

"बाटलीतून." तिचा आवाज इथे फुटला. "आईशपथ, सिस्टर, बाटलीतच घातलं."

"वेळ?"

"अकरा दहा. राउंड संपल्या संपल्या. आणि सिस्टर, ती बाटली…"

"विचारलं तेवढंच सांग."

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. आमच्या धंद्यातले हे पाच प्रश्न, आणि पाचांची उत्तरं तिनं बरोबर दिली होती. खरं बोलत असेल तर शिंपीण मरायलाच नको होती.

३

शिंपिणीची जाऊ तिचे कपडे न्यायला आली होती. दोघींचं पटत नसे, हे सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. भेटीच्या वेळेत दोघी ज्या आवाजात बोलत, त्यानं शेजारच्या खाटेवरच्या बाईची धाप वाढायची. तरी रोज सकाळी जाऊच यायची.

"तुम्ही त्या वेळी जवळ होता?" मी विचारलं.

"पाणी आणायला गेले होते. परत आले तर तुमची ती बुटकी पोरगी हातात रिकामी सिरिंज घेऊन तिथंच. मी म्हटलं, काय दिलंत? तर म्हणे ताकदीचं औषध. चांगली ताकद दिली!"

"कुठे टोचलं ते पाहिलंत?"

"नाही. पण नंतर जाऊबाई म्हणायला लागल्या, हात जळतोय, हात जळतोय. मी म्हटलं, तुमचं काय, तुम्हाला सगळंच टोचतं." ती थांबली. हातातल्या ब्लाउजची घडी तिनं मोडली आणि पुन्हा घातली. "हे माझं शेवटचं बोलणं, सिस्टर. त्यांच्याशी."

मी तिच्या हातातला ब्लाउज घेऊन पिशवीत ठेवला.

"सिरिंज दिसल्यावर लगेच जळायला लागलं?"

"लगेच कुठलं? मी त्यांना पाणी पाजलं, केस विंचरले, वेणी घातली. दहाएक मिनिटं तरी गेली असतील."

"थेंब पडतात ते चक्र तुम्ही फिरवलंत का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

"मी कशाला हात लावू? मला त्या नळीची भीतीच वाटते. तुमचंच सामान वाटेत असतं, हे बघा." तिनं चपलेतून अंगठा काढून दाखवला. नख काळंनिळं झालं होतं. "पाणी घेऊन येताना खाटेजवळच्या स्टुलाला ठेचकाळले. जाताना तिथं स्टूलबिल काही नव्हतं."

तिचं हे बोलणं तेव्हा मी नुसतं ऐकून घेतलं. जिना उतरताना माझे पाय आपोआप थांबले.

हाताच्या शिरेत सुई टोचायला स्टूल कशाला लागतं?

४

तरुण डॉक्टरांना आम्ही 'वादळ' म्हणत असू. राउंडला आले की पडदे हलत, कागद उडत आणि मागे आवराआवर आमच्या वाट्याला. वादळ त्या दिवशी मात्र खुर्चीत पडून होतं.

"मी काय लिहिलंय ते वाचा," ते म्हणाले. "सलाइनमधून, चार तासांत. माझं अक्षर वाईट असेल, ऑर्डर चुकीची नाही."

"अक्षरही वाचता आलं. तोंडी काय म्हणालात?"

"म्हणालो, लगेच सुरू करा. नवीन बाटली लावत बसू नका, चालू आहे तिच्यातच घाला."

"चालू असलेल्या बाटलीत."

"त्यात काय गैर आहे? तेच सलाइन, तेच माप."

मला गैर काही दिसलं नाही. निदान मी तसं म्हणाले.

तळमजल्यावर औषधं देणारे कंपाउंडरकाका होते. तीस वर्षं एकाच खिडकीमागे बसून त्यांना माणसांचे चेहरे कमी आणि हात जास्त ओळखता यायचे. मी खिडकीतून हात घातला की वर न बघता म्हणायचे, "या, फुटपट्टीबाई."

"काका, त्या कुप्यांत दुसरंच काही गेलं असेल? किंवा जास्त तीव्र?"

"आलात माझ्यावर? या, सगळे येऊन गेले." त्यांनी खोका पुढे सरकवला. "त्याच खोक्यातल्या कुप्या मुलांच्या वॉर्डात गेल्या, शस्त्रक्रियेच्या वॉर्डात गेल्या. सगळे जिवंत आहेत. तुमच्याकडे दहा दिल्या होत्या. किती उरल्या?"

"नऊ."

"मग एकच गेली. एका कुपीनं माणूस मरतो, ताई, पण ती एकदम आत गेली तर. चार तासांत गेली तर बरा होतो." चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला. "कुपी तीच. किती वेळात गेली, एवढंच विचारा."

मी वर आले ती हेच घोकत. किती वेळात?

५

गुरुवारी दुपारी मी कपाट उघडून ती बाटली टेबलावर ठेवली आणि कागद-पेन्सिल घेतली.

पहिली शंका चक्राची. कुणी ते मोकळं सोडलं असेल तर औषध भराभर गेलं असतं. बाटली साडेदहाला लागली, साडेअकराला मी बंद केली. मिनिटाला तीस थेंब, म्हणजे दोन मिलिलीटर. एका तासाचे झाले एकशेवीस. पाचशेच्या बाटलीत तीनशेऐंशीच्या आसपास उरायला हवेत; कुपीचे दहा त्या खुणांवर कळतही नाहीत. काचेवरच्या खुणांशी डोळा लावून मी पाहिलं. नमुना काढला तो धरून तेवढंच. चक्राला कुणीही हात लावला नव्हता.

मग मी बाटली उभी धरून भिंगाखाली तिचं बूच पाहिलं. करड्या रबराचं जाड बूच. सलाइनची नळी जिथून जाते ते एक छिद्र. हवेसाठी जी लांब सुई लावतात, जिचं टोक आत पार पाण्याच्या वर निघतं, तिचं दुसरं. नमुना काढताना प्रयोगशाळेच्या माणसानं नळीच सोडवली होती, नवीन सुई टोचली नव्हती. मी समोर उभी होते.

आणि काठाजवळ तिसरं. बारीक. सिरिंजच्या सुईचं.

पोरगी खरं बोलत होती. स्टुलावर चढून तिनं टांगलेल्या बाटलीच्या बुचात सुई खुपसली होती आणि औषध बाटलीतच गेलं होतं. शिरेत दिलं असतं तर हात दहा मिनिटांनी नाही, त्याच क्षणी जळला असता.

पण प्रयोगशाळाही खोटं बोलत नव्हती. बाटलीत औषध घातलं होतं, आणि बाटलीत औषध नव्हतं. दोन्ही खरं.

मी बराच वेळ त्या बाटलीकडे बघत बसले. बाहेर कुणीतरी बेडपॅन आपटत होतं. आत सगळं निश्चल. बाटली टांगली की हवेच्या सुईचं टोक पाण्याच्या वर, म्हणून आत बुडबुडासुद्धा उठत नाही. पाणी हलायला काही कारणच नाही.

पाणी हलायला काही कारणच नाही!

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. मी उठून एक नवीन बाटली, एक कुपी आणि तोंड आलेल्यांना लावायचं जांभळं औषध शोधायला धावले. त्या वॉर्डात मला धावताना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

६

शुक्रवारी चारला समिती बसली. मधे मोठे डॉक्टर, एका बाजूला मेट्रनबाई, दुसऱ्या बाजूला वादळ. शेंडेफळ भिंतीला लागून उभी. मी स्टँड ढकलत आत शिरले तसे मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, इथे कुणाला सलाइन लावायचंय?"

"अर्धा तास द्या, साहेब."

टांगलेल्या बाटलीत पाचशे मिलिलीटर स्वच्छ सलाइन होतं. सिरिंजमध्ये पोटॅशियमची एक कुपी, जांभळ्या औषधाचे चार थेंब टाकून रंगवलेली. मी खालून बुचात सुई खुपसली आणि शिकवल्याप्रमाणे हळूहळू औषध आत सोडलं.

जांभळा रंग वर चढला नाही. उसळी मारून तो बाटलीभर पसरेल असं सगळ्यांना वाटलं असावं; तो दोन बोटं वर गेला, वळला आणि खाली येऊन बुचावर बसला. वर काचेसारखं पाणी, तळाशी जांभळी चकती.

"साध्या सलाइनपेक्षा ते जड असतं," मी म्हणाले. "आणि टांगलेल्या बाटलीचा तळ म्हणजेच तिचं तोंड."

मी चक्र सोडलं, मिनिटाला तीस थेंब. जांभळा रंग नळीत उतरला, खालच्या भांड्यात टपकू लागला, आणि वीस मिनिटांत बाटली पुन्हा जवळजवळ स्वच्छ झाली. चार तासांचं औषध वीस मिनिटांत संपलं होतं.

"तिनं औषध बाटलीतच घातलं," मी म्हणाले. "नीट न मिसळता ते सगळं आधी खाली आलं. म्हणून बाटलीत काही सापडलं नाही आणि रक्तात सगळं सापडलं. शिरेत तिनं काही ढकललेलं नाही."

वादळानं कपाळावर हात मारला. मेट्रनबाईंनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मोठे डॉक्टर मात्र अजून बाटलीकडेच बघत होते. शेवटी त्यांनी पोरीकडे वळून विचारलं, "पण बाटली खाली काढून, उलटीसुलटी करून मिसळायची असते, हे तुला शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं, साहेब."

"मग?"

शेंडेफळानं माझ्याकडे बघितलं नाही. पायाच्या बोटांकडे बघत राहिली.

"निष्काळजीपणा तर झालाच की मग," मोठे डॉक्टर म्हणाले. "पोलिस नकोत, पण नोंदणी…"

तेव्हा मला उमगलं की धुलाईच्या खोलीत ती काय सांगत होती, आणि मी तिला कुठे तोडलं होतं.

७

औषधाच्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवला होता. मीच लिहिलेला, ठळक, माझ्या त्या सरळ अक्षरात: 'एकदा टांगलेली बाटली संपेपर्यंत कोणत्याही कारणाने खाली काढू नये.' म्हातारीचा पाय कापला त्या दिवशी लावला होता. तीन दिवस मी तपास करत होते. कुप्या मोजायला तेच दार उघडलं होतं, जांभळं औषध काढायला तेच उघडलं होतं. स्वतःचं अक्षर माणसाला दिसत नाही.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मनात आलंच. वॉर्डात जाऊन तो कागद काढायला दोन मिनिटं लागली असती. एकाही मुलीनं तोंड उघडलं नसतं. फुटपट्टीला सगळ्या घाबरत होत्या.

"साहेब," मी म्हणाले, "बाटली खाली काढायची नाही, असा माझ्या वॉर्डात नियम आहे. मी केलेला."

"तुम्ही?"

"फुटू नये म्हणून केला. लेखी आहे. औषध मिसळताना काय करायचं, ते त्यात लिहायला हवं होतं, आणि मी ते लिहिलं नाही. डॉक्टर चालू बाटलीत घाला म्हणाले, सिस्टरचा हुकूम बाटली काढू नका म्हणून. तिनं दोन्ही ऐकलं. चुकली असेल तर एवढंच, की तिला माझा धाक होता."

मेट्रनबाईंचा चेहरा उतरला. आम्ही दोघी एकाच वर्षी शिकलो होतो.

शेंडेफळाची नोंदणी राहिली. मला लेखी ठपका मिळाला, आणि तो माझ्या कागदांत शेवटपर्यंत राहिला. त्याच संध्याकाळी मी कपाटावरचा कागद फाडला. पोटॅशियमच्या कुप्या वेगळ्या कुलपात गेल्या, आणि औषध घालायचं ते टांगण्याआधी, दहा वेळा बाटली उलटी करून, असा नियम सगळ्या रुग्णालयाला लागला. वादळानं त्यावर पहिली सही केली, वाचता येईल अशी.

शनिवारी मी शिंपिणीच्या जावेकडे गेले. तिला सगळं सांगितलं, काही न झाकता. ती रागावेल, आरडाओरडा करेल, अशी माझी तयारी होती. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे त्यांचा हात खरंच जळत होता?"

"हो."

ती उठून आत गेली. मी बराच वेळ बसले. ती बाहेर आली नाही.

८

आठवड्यानं शेंडेफळ माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. हातात अर्ज होता. पुरुषांच्या वॉर्डात बदली हवी.

आभार मानायला आली असेल, असं मला वाटलं होतं. आज लाज वाटते, पण वाटलं होतं.

"तिथल्या सिस्टर माझ्याहून खडूस आहेत," मी म्हणाले. "मागच्या महिन्यात त्यांनी एका मुलीला सगळ्यांसमोर रडवलं."

"माहीत आहे, सिस्टर."

"मग इथे काय कमी आहे? माझा राग आलाय का तुला?"

"नाही. तुम्ही माझ्यासाठी उभ्या राहिलात, हे मी आईला रोज सांगते." ती अडखळली, मग माझ्या डोळ्यांत बघून बोलली. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. "त्या दिवशी स्टुलावर चढले तेव्हा माझ्या मनात आलं होतं, की ही बाटली काढून हलवायला पाहिजे. तुम्ही पाच खाटा पलीकडे होता. मी तुमच्याकडे बघितलं आणि तशीच सुई टोचली."

मी पेन उघडलं. अर्जावर सही केली.

"आणि तिथे?" मी विचारलं.

"तिथल्या सिस्टर ओरडतात," शेंडेफळ म्हणाली, "पण त्यांना विचारता येतं."